सर्वोच्च गादी नाकारणारा लुचियानो

‘गॉडफादर’ बघताना भाचीने विचारलं, “मामा, न्यूयॉर्कची पाच माफिया घराणी खरंच होती?”

होती. आणि ती टिकली लकी लुचियानोमुळे.

जन्म १८९७, सिसिलीतला. लहानपणीच न्यूयॉर्कला आला, दारूबंदीत चोरट्या दारूवर मोठा झाला.

१९३१च्या एप्रिलमध्ये त्याचा बॉस मासेरिया मारला गेला, सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी बॉस मारान्झानो. दोन्हींमागे लुचियानोच होता, असं मानलं जातं.

मला थक्क करतं ते पुढचं. ‘सगळ्यांचा बॉस’ हे पद त्याने घेतलंच नाही. टोळीप्रमुखांचं मंडळ नेमलं. घराण्यांमधले तंटे तिथेच मिटवायचे.

१९३६ मध्ये सरकारी वकील थॉमस ड्यूईने वेश्याव्यवसायाच्या खटल्यात त्याला अडकवलं. त्या व्यवसायातल्या स्त्रियांनी साक्ष दिली, हे धाडस विसरू नये! शिक्षा ३० ते ५० वर्षं.

शिक्षा पूर्ण होण्याआधीच १९४६ मध्ये सुटका होऊन इटलीला रवानगी, १९६२ मध्ये नेपल्सच्या विमानतळावर मृत्यू.