मीटर हवा की नको?

टँकरचा सीझन सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला संशय भाड्याने राहणाऱ्या पोरांवर. ‘चौघं राहतात, पाणी उधळतात!’ खरंखोटं कळणार कसं? बऱ्याच सोसायट्यांत पाण्याचा खर्च फ्लॅटमागे सारखा वाटतात. दोघं आजी-आजोबा असोत की चौघांची गँग, आकडा एकच.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटला मीटर. पण मंडळी, आधी हिशेब करा. शहरांसाठी सरकारी मापदंड आहे माणशी रोज 135 लिटर. म्हणजे चौघांचं महिन्याला 16,200 लिटर आणि आजी-आजोबांचं 8,100. मीटर बसला तर वाटा वाढणार तुमचाच! शिवाय अनेक इमारतींत किचन आणि बाथरूमच्या पाइपलाइन वेगळ्या, त्यामुळे एका फ्लॅटला दोन-तीन मीटर लागतात. तो खर्च घरमालकाचा की तुमचा, हे आधीच ठरवून घ्या.

तरीही मीटरला ‘हो’ म्हणा. गळका फ्लश, तासभर चालणारा शॉवर, सगळं आकड्यात दिसतं. शॉवरऐवजी बादलीने अंघोळ केली, तर बचत तुमच्याच खिशात. आणि पुन्हा कुणी ग्रुपवर ‘ती पोरं’ म्हणून सुरू झालं, की गुपचूप रीडिंगचा फोटो टाकायचा!