बिनचाकांची बस

बालमित्रांनो, एक कोडं घालते. या बसला चाकं नाहीत, इंजिन नाही, तिकीट तर मुळीच नाही. तरी ती ठरलेल्या वेळी सुटते, थांबे घेते आणि मुलांना शाळेत पोचवते. ओळखा पाहू!

हरलात? अहो, ही तर पायांची बस!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक मोटार मागे येत होती. मागे दुसरीतला एक मुलगा उभा. मी पटकन त्याचा हात धरून ओढलं. काळजात धस्स झालं! मोटार चालवणारे होते दुसऱ्या एका मुलाचे बाबा. तेही घाबरले. म्हणाले, "बाई, रस्त्यावर इतक्या गाड्या! मुलाला चालत पाठवणार तरी कसं?" गंमत बघा, त्या गाड्यांतली एक त्यांचीच होती!

यावर ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकात एक तोड सुचवली. मुलांनी एकेकटं नाही, तर रांगेनं चालत जायचं. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावात १९९८ साली अशी बस निघाली. इटलीतल्या लेक्को शहरात २००३ साली सुरू झाली. तिथे तिला 'पिएदिबुस' म्हणतात.

ही बस चालते कशी? मार्ग, थांबे आणि वेळा आधीच ठरवायच्या. पुढे एक पालक, तो ड्रायव्हर. मागे एक पालक, तो कंडक्टर. मधे मुलं. बस आली की आपल्या थांब्यावरून रांगेत शिरायचं. पालकांनी पाळ्या लावून घ्यायच्या, म्हणजे रोज कुणा एकावरच भार नाही. घर लांब असेल, तर गाडीनं थांब्यापर्यंतच यायचं.

जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी शेजारपाजारची मुलं अशीच गटानं शाळेत जातात. सहावीतली मोठी मुलं छोट्यांना सांभाळून नेतात. आणि आपल्या खेड्यांतली मुलं? तीही घोळक्यानंच चालत निघतात की! म्हणजे आपल्याला नवं काही शिकायचं नाही, विसरलेलं आठवायचं आहे.

पालकहो, या रविवारी मुलांबरोबर शाळेपर्यंत एकदा चालून पाहा. रस्ता कुठे ओलांडायचा, थांबा कुठे ठेवायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि मुलांनो, तुमच्या आळीतली कोणकोण मुलं त्याच शाळेत जातात, त्यांची यादी करा. चार नावं निघाली, की बस तयार!

मग, पहिला थांबा कुणाच्या दारात?