बसून बोलण्याचा नियम

कॅथलिक ख्रिस्तसभेत साधनेची वाट शतकानुशतके मठाकडेच जात आली. संन्याशांना नियमावली होती, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा होत्या. संसारी माणसाला मात्र मठातली साधना घरात जमेल तेवढी करावी लागे. पॅरिसमधल्या चार तरुण दाम्पत्यांना हे अपुरे वाटले. लग्न हा जर संस्कार आहे, तर त्याची स्वतःची साधना कोणती, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी ज्यांना हे विचारले त्या फादर आंरी काफारेल यांनी तयार उत्तर दिले नाही. आपण मिळून शोधू, असे सुचवले. २५ फेब्रुवारी १९३९ रोजी पहिली बैठक झाली आणि त्यातून ‘टीम्स ऑफ अवर लेडी’ ही पवित्र मरियेच्या नावाची चळवळ वाढली. नवरा-बायकोच्या बोलण्यालाच तिने साधनेचा मान दिला, हे मला तिचे सर्वांत मोठे काम वाटते.

पाच ते सात दाम्पत्ये आणि एक धर्मगुरू महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. साधे जेवण, प्रार्थना, महिनाभरातल्या सुखदुःखांची देवाणघेवाण आणि ठरलेल्या विषयाचा अभ्यास असा क्रम असतो. पण खरी कसोटी दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत लागते. रोज दोघांनी मिळून प्रार्थना करायची आणि महिन्यातून एकदा ‘बसण्याचे कर्तव्य’ पाळायचे. हे नाव काफारेल यांना लूकच्या शुभवर्तमानात सापडले: बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही काय, असे प्रभू येशू तिथे विचारतात. परमेश्वरासमोर थोडा वेळ शांत राहून दोघे मग मुलांविषयी, पैशांविषयी, मनाला लागलेल्या शब्दांविषयी निवांत बोलतात.

प्रेम असे तारीख ठरवून करता येते का, असा आक्षेप येतो. पण ‘सवडीने बोलू’ म्हणणाऱ्या घरात ती सवड सहसा सापडत नाही, आणि न बोललेले दुखणे मुरत जाते. युद्धानंतर चळवळीची संख्या वाढली तसा उत्साह सैलावण्याचा धोका दिसू लागला, म्हणूनच ८ डिसेंबर १९४७ रोजी तिची नियमांची सनद जाहीर झाली. नियम हा तिथे अनुभवातून आला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हे सुस्थितीतल्या, दोघांचेही मन असलेल्या जोडप्यांचे वर्तुळ नव्हे का? यात तथ्य आहे. जोडीदाराला श्रद्धेत रस नसेल, तर त्या घराला इथे फारशी जागा नाही. तरी ही केवळ पॅरिसच्या दिवाणखान्यातली गोष्ट राहिली नाही. युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांनी १९४३ मध्ये याच परिवारातून आपला वेगळा संघ उभारला. १९५० मध्ये पेद्रो आणि नॅन्सी मोंकाऊ या दाम्पत्याने ही पद्धत साओ पावलोत नेली, आणि आज चळवळीतली सर्वाधिक दाम्पत्ये ब्राझीलमध्ये आहेत.

वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या धर्मग्रामांत लग्नाआधी शिबिर होते. पुढची चाळीस वर्षे जोडप्याने आपापली काढायची असतात. धर्मगुरूंनी आणि जाणत्या दाम्पत्यांनी ही पद्धत नीट अभ्यासावी, आणि निदान चार घरांत महिन्यातून एकदा हे बसणे सुरू करावे.