पनवेलहून पुन्हा कामावर

मुलं वाढवण्यात पाच-सात वर्षं गेली की नोकरीची दारं बंद होतात, हे खरं नाही. अशा खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी टाटा समूहाने २००८ मध्ये 'सेकंड करिअर्स' उपक्रम सुरू केला. राज्य सरकारी नोकरीत खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांसाठी ४३; म्हणजे पस्तिशीतही अर्ज करता येतो.

पनवेलकर आईची खरी अडचण वेळेची आहे. हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईतलं सीएसएमटी गाठायला सुमारे ८० मिनिटं लागतात. आठ तासांच्या कामाला जाण्यायेण्याचे अडीच तासांहून अधिक जोडा. तेवढा वेळ मूल कुणाकडे ठेवायचं? प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मुलाखतीतच याबद्दल विचारावं, अजिबात संकोचू नये. तरीही सकाळच्या गर्दीत लहान मुलाला घेऊन हार्बरच्या डब्यात चढणं सहज जमणारं नाही. या बायकांना पाळणाघर हवं ते पनवेल स्टेशनजवळ, आणि रात्री आठपर्यंत उघडं.