सम चुकता कामा नये

ध्रुपद गायनात पखवाजावर चौताल सुरू झाला, की बारा मात्रांचे आवर्तन फिरू लागते आणि गायक व वादक समेवर एकत्र येतात. आपल्या भोपाळातील ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी अनेक शिष्य घडविले. मराठी रसिकांना परिचित असलेले उदय भवाळकर हे त्यांपैकीच एक. गुरूने ‘पाचव्या आवर्तनापासून पुन्हा म्हण’ असे सांगितले, तर शिष्य तत्काळ तेथे पोहोचतो. संगणकाला मात्र हे काम शिकवावे लागते. ते कसे, हे आपण पाहू.

समजा, विद्यार्थिमित्रांनो, आपण चौतालाचा एक संगणकीय खेळ रचला. पखवाज ऐकून खेळणाऱ्याने समेवर कळ दाबावयाची, म्हणजे गुण मिळतो. वादनात मागेपुढे जाण्याची सोयही त्यात ठेविली आहे.

संगणकाजवळ नाद अखंड नसतो. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ते आकडे ओळीने साठविलेले असतात. प्रत्येक आकड्यास आपण ‘नमुना’ म्हणू. मात्रा एक सेकंदाची धरली, तर चार आवर्तनांस ४८ सेकंद लागतात. म्हणजे २१,१६,८०० नमुने मागे टाकल्यावर पाचवे आवर्तन सुरू होते. जागा बदलणे म्हणजे वाचणाऱ्याचे बोट नेमके तेथे नेऊन ठेवणे होय.

पण येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली अशी, की लहर शिखरावर तुटून दरीत पुन्हा सुरू झाली, तर ‘टक्’ असा कर्कश आवाज येतो. म्हणून उडीपूर्वी काही सहस्रांश सेकंदांत ध्वनी मंद करावा आणि नव्या जागी तसाच क्रमाने वाढवावा.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. संगणक ध्वनी थोडा आगाऊ तयार करून ठेवितो. १,०२४ नमुन्यांचा एक गठ्ठा सुमारे २३ सहस्रांश सेकंद पुरतो. त्यामुळे बोट नव्या जागी गेले, तरी कानांवर क्षणभर जुनाच गठ्ठा पडत असतो. शिवाय पडद्यावरील चित्र बहुधा सेकंदाला ६० वेळा बदलते. त्याचे घड्याळ निराळेच. चित्रांची संख्या मोजून मात्रा ठरविली, तर हळूहळू अंतर पडत जाते.

ह्यास्तव मात्रा नेहमी ध्वनीच्या स्थानावरूनच काढावी आणि त्यातून आगाऊ गठ्ठ्यांचा विलंब वजा करावा. उडीनंतर मोजणी नव्या स्थानापासून करावी. ओलांडलेल्या मात्रा ‘चुकल्या’ म्हणून खेळणाऱ्याच्या माथी मारू नयेत.

गुण देणारा खेळ हा एक प्रकारे न्यायाधीशच असतो. ज्या मुलाने कानांनी ऐकून अचूक समेवर कळ दाबली, त्याला ‘चुकलास’ असे सांगितले, तर तो स्वतःच्या कानांवर अविश्वास धरू लागेल. दोष मात्र त्याचा नव्हे, आपल्या हिशेबाचा असेल. म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्याने प्रथम स्वतःची सम तपासून पाहावी.