प्रेम, पंगत आणि घरची माणसे

प्रेमाच्या सुखांतिकेत नायक-नायिकेपेक्षा घरच्यांनाच जास्त काम असते. दोघांचे एकमेकांवर मन बसते ते पहिल्या काही प्रसंगांत. उरलेला सगळा वेळ आई-वडील, आजी, मामा आणि आत्या यांचे रुसवे काढण्यात जातो. इटालियन कुटुंबांवरच्या विनोदी प्रेमकथांत ही मंडळी बहुधा स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाभोवती भेटतात. प्रेम, जेवण आणि ढवळाढवळ करणारे घर यांवर उभा असलेला हा प्रकार मराठीला परका नाही. त्याचा काही भाग युरोपातून नाटकांच्या वाटेने आला आणि बाकीचा इथल्या लग्नघरात आधीपासूनच होता.

या प्रकाराचा साचा इटलीत सोळाव्या शतकात घडला. ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या नाटक मंडळ्या गावोगाव खेळ करत. त्यांच्या कथानकाचा आराखडा ठरलेला असे आणि संवाद नट जागच्या जागी रचत. पात्रेही ठरलेली होती. पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा, कंजूष व्यापारी; दोत्तोरे हा बडबड्या पंडित; आर्लेक्किनो हा सदा भुकेला नोकर. त्यांच्या कचाट्यात सापडलेली एक प्रेमी जोडी असे. म्हातारे आणि नोकर मुखवटे घालत, प्रेमिकांचे चेहरे मात्र उघडे असत. पांतालोने कधी मुलीचे लग्न पैसेवाल्याशी लावू पाही, तर कधी स्वतःच तरुण मुलीच्या मागे लागे. तरुणांचे प्रेम, वडीलधाऱ्यांचा अडथळा आणि नोकराची भूक यांतून प्रेक्षकांना रात्रभर हसवता येते, हे या मंडळ्यांनी दाखवून दिले.

विसाव्या शतकात नेपल्सचे नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी हा विनोद मध्यमवर्गीय घरात आणला. ‘शनिवार, रविवार, सोमवार’ हे त्यांचे नाटक १९५९ साली रंगभूमीवर आले. रविवारच्या जेवणासाठी रोझा शनिवारपासूनच मांसाचा रस्सा शिजत ठेवते, तिथून त्याची सुरुवात होते. जेवायला सारे घर जमते आणि भरल्या ताटांवर नवरा-बायकोचे भांडण पेटते. नवऱ्याला शेजाऱ्याचा संशय आलेला असतो. बायको दुखावलेली असते ती वेगळ्याच कारणाने: नवऱ्याने सुनेच्या हातच्या पदार्थाचे कौतुक केलेले असते. प्रेम आटले की नाही, याचा निकाल इथे स्वयंपाकावरून लागतो. अमेरिकेत गेलेल्या इटालियन कुटुंबांची अशीच गोष्ट १९८७ च्या ‘मूनस्ट्रक’ या चित्रपटात आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या लोरेटाचे लग्न एकाशी ठरते आणि ती त्याच्या बेकरीवाल्या धाकट्या भावाच्या प्रेमात पडते. शेवटी सगळे कुटुंब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जमते आणि तिथेच तिढा सुटतो. या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाली.

इटालियन विनोद मराठीत आला तो फ्रान्स आणि इंग्लंडमार्गे वळसा घेऊन. पॅरिसमध्ये मोलिएर या नाटककाराची मंडळी १६५८ पासून एका इटालियन मंडळीबरोबर एकच नाट्यगृह वाटून घेत होती, आणि त्या सहवासाची छाप त्याच्या प्रहसनांवर पडली. त्याच्या १६६० मधल्या ‘स्गानारेल’ या संशयी नवऱ्याच्या प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केले. त्या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘फाल्गुनराव’ लिहिले. याच नाटकाचे संगीत रूप म्हणजे १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले ‘संशयकल्लोळ’. अश्विनशेठ आणि रेवती यांचे प्रेम एका तसबिरीपायी गोत्यात येते, आणि फाल्गुनराव व कृत्तिका हे संशयी जोडपे त्या गोंधळात आणखी भर घालते. दुसऱ्यांच्या घरातला हा नवरा-बायकोचा संशय प्रेमिकांना आपल्या घरच्यांइतकाच नडतो.

शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखांतिकेचे कथानक तर इटलीतल्या पादुआ शहरातच घडते. थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे करायचे नाही, असा तिथल्या बापाचा हट्ट आहे. मराठी वाचकाला हा हट्ट समजावून सांगावा लागत नाही. लग्नानंतर नवरा बायकोसमोरचे मांस करपले म्हणून उचलायला लावतो आणि तिला उपाशी ठेवतो. जेवण हे इथे प्रेमाचे नव्हे, हुकमतीचे साधन आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘त्राटिका’ या नावाने या नाटकाचे मराठी रूप केले. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले.

देवलांच्या ‘शारदा’ला (१८९९) असा परदेशी आधार नाही. तरी तरुण मुलीशी लग्न करायला निघालेला श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला तयार असलेला बाप कांचनभट आणि मध्ये फिरणारा दलाल भद्रेश्वर पाहिले की पांतालोनेची आठवण होते. वयाने आणि पैशाने मोठ्या माणसांच्या हाती तरुणांची लग्ने असतील, तिथे हे पात्र आपोआप तयार होते.

मराठी लग्नघरात जेवण आणि सोयरिक पहिल्या भेटीपासून एकत्र येतात. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला ‘कांदेपोहे’ हेच नाव पडले आहे. पुढे रुखवत मांडले जाते, विहिणीच्या पंगतीत एकमेकींची थट्टा करणारी गाणी होतात, घास भरवताना नवरा-नवरीला उखाणा घ्यावा लागतो. जिलबी आधी कोणाच्या पानात पडली, यावरून मानपानाचे नाटक रंगते. अधिक महिन्यात जावयाला अनारसे दिले जातात. म्हणजे लग्न झाले तरी घरच्यांचे काम संपत नाही. हे सारे विधी थट्टेला वाव ठेवून रचलेले आहेत. दोन अनोळखी घरांमधला ताण त्यामुळे हसण्यावारी नेता येतो.

असे लग्नघर राज्याच्या सीमेवरही भेटते. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकावरचा नरखेड तालुका हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. एका बाजूला अमरावती जिल्ह्यातले वरूड, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशातले पांढुर्णा. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि नरखेड व पांढुर्णा एकाच राज्यात होते. पुढे मध्ये सीमा आली, पण रेल्वे तीच राहिली, बोली तीच राहिली आणि सोयरिकीही थांबल्या नाहीत. मराठी सुखांतिकेतला मामा, पाहुणे आणि बैठकी इथल्या कुठल्याही गावात ओळखीच्या आहेत. या कथेची दुसरी, काळी बाजूही इथून जवळच सांगितली जाते. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, नदीच्या पात्रात दोन्हीकडून दगड आले आणि जोडी मेली, अशी तिची आख्यायिका आहे. प्रेम तेच आणि घरच्यांचा विरोधही तोच. पंगत बसली तर सुखांतिका होते, दगड उचलला तर शोकांतिका.

चित्रपटांत इटालियन घराच्या सर्वांत जवळ जाते ते मुंबईचे ख्रिस्ती घर. बासू चटर्जी यांच्या ‘बातों बातों में’ (१९७९) या हिंदी चित्रपटात नॅन्सीची आई लेकीच्या लग्नासाठी उतावीळ आहे. शेजारचे टॉमकाका लोकल गाडीत टोनीशी तिची गाठ घालून देतात. टोनीच्या भूमिकेत अमोल पालेकर आहेत. त्यांचे प्रेम जमवण्यापेक्षा ते लवकर जमावे म्हणून चाललेली घाईच जास्त विनोद करते.

मराठीत अलीकडच्या दोन कलाकृतींनी हा साचा उलटा करून पाहिला. सचिन कुंडलकर यांच्या ‘गुलाबजाम’ (२०१८) या चित्रपटात लंडनची नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात डबे करणाऱ्या राधाकडून मराठी स्वयंपाक शिकतो. सोनाली कुलकर्णी आणि सिद्धार्थ चांदेकर यांच्या या गोष्टीत दोघे जवळ येतात ते पाककृतींमधून. स्वयंपाक करायचा तो पुरुषाने नव्हे, हा समजही त्यात अलगद बाजूला पडतो. झी मराठीवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ या मालिकेत प्रेमात पडतात ते वडीलधारे. विधवा आसावरी (निवेदिता सराफ) आणि शेफ अभिजीत राजे (गिरीश ओक) यांची जोडी जमवायला पुढाकार घेते ती सून शुभ्रा, आणि आड येतात आसावरीचा मुलगा आणि सासरे. वर्षानुवर्षे घराला जेवू घालणाऱ्या बाईला कोणी प्रेमाने जेवू घातले, यावर घरात वादळ उठते. इटालियन साच्यात म्हातारे तरुणांना अडवतात. इथे आसावरीला एक पिढी वरचे आणि एक पिढी खालचे असे दोघेही अडवतात.

महाराष्ट्रात जेवण आणि लग्न यांचा संबंध इटलीपेक्षा खोल आहे. कोणाच्या घरचे खायचे आणि कोणाच्या घरी मुलगी द्यायची, हे दोन्ही प्रश्न इथे जातीने सोडवले. म्हणून विसाव्या शतकात सहभोजने हा सुधारणेचा कार्यक्रम झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सांगितले की एकत्र जेवून जात जात नाही, त्यावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे.

मराठी सुखांतिकेने वय ओलांडले, वैधव्य ओलांडले, मुंबई-पुण्याचे अंतरही ओलांडले. जात मात्र तिने क्वचितच ओलांडली. ती ओलांडणारी मोठी गोष्ट नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) सांगितली. तिच्यात माहेरची माणसे आहेर घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा करून देते, आणि पाहुणचाराचा हाच प्रसंग खुनात संपतो. घरच्यांची ढवळाढवळ तोवरच गमतीची असते, जोवर त्यांचा नकार शेवटी मावळेल याची प्रेक्षकाला खात्री असते. वेगळ्या जातीची सून किंवा जावई पंगतीत बसवून ती खात्री देणारी सुखांतिका मराठी लेखकांनी पुरेशी लिहिलेली नाही, आणि या प्रकारातले सर्वांत मोठे काम अजून तेच आहे.