पाठलागाचा गुन्हा आणि कायदा

पुणे-आळंदी रस्त्यावरील दिघी हे एके काळचे लहान गाव. लष्कराची हद्द आणि भोसरीचे कारखाने यांच्या शेजारामुळे आज तेथील बसथांब्यांवर नोकरदार स्त्रियांची व विद्यार्थिनींची वर्दळ असते. पाळीची वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, थांबाही ठरलेला. पाठलाग करणाऱ्याच्या पथ्यावर पडते ती हीच नियमितता. आज तो नुसता मागे येतो, उद्या नाव विचारतो, परवा भ्रमणध्वनीवर संदेश धाडतो. सुटा सुटा पाहिला तर प्रत्येक प्रसंग क्षुल्लक वाटतो. म्हणूनच तक्रार तरी कशाची करावी, असा प्रश्न पडतो.

2013 पूर्वी कायद्यापुढेही हीच अडचण होती. भारतीय दंड संहितेच्या कलम 509 अन्वये शब्द, हावभाव वा कृती यांतून विनयशीलतेचा अवमान करण्याचा उद्देश सिद्ध करावा लागे. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर 2013 मध्ये कलम 354 ड समाविष्ट झाले व पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये तीच तरतूद आहे.

स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शविल्यानंतरही सलगी वाढविण्यासाठी तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे, हा या गुन्ह्याचा गाभा होय. अनिच्छा अमुकच शब्दांत सांगावी, असे कायदा म्हणत नाही. तथापि ‘मला संपर्क करू नका’ एवढा एक लेखी संदेश पुढे पुराव्यास फार उपयोगी पडतो. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल आदींच्या वापरावर पाळत ठेवणे हाही पाठलागच. शासनाने सोपविलेले गुन्हे-तपासाचे काम यांसारखे अपवाद त्यात आहेत.

वृत्तपत्रे अशा प्रकारांना ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतात. कायद्याला हा शब्द ठाऊक नाही, हे बरेच झाले. 3 फेब्रुवारी 2020 रोजी हिंगणघाट येथे महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला अशाच एका इसमाने भर रस्त्यात पेटवून दिले. 10 फेब्रुवारीला तिचे निधन झाले. 2022 मध्ये आरोपीस जन्मठेप झाली. प्रत्येक पाठलागाचा शेवट असा होत नाही. पण तो कोठवर जाईल हे आधी सांगता येत नाही, आणि ही अनिश्चितताच पीडितेला पोखरते. झोप उडते, थांबा बदलावा लागतो, दुसरी पाळी सोडावी लागते. पुष्कळदा घरचेच अब्रूच्या भीतीने मुलीचे शिक्षण थांबवितात. म्हणजे आरोपी मोकळा आणि शिक्षा मुलीला.

पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. पहिला अपराध जामीनपात्र आहे, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या तरतुदीची दुबळी बाजू; कारण तक्रारीनंतरचे दिवसच अधिक धोक्याचे असतात. धमकी दिली असल्यास ती फिर्यादीत आवर्जून नोंदवावी, म्हणजे त्यासाठीचे स्वतंत्र कलमही लागू होऊ शकते. पीडित मूल अठरा वर्षांखालील असून पाठलागामागे लैंगिक हेतू असल्यास 2012 चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तेथे मुलगा-मुलगी हा भेद नाही.

दिघीत राहणाऱ्या व चाकणला कामास जाणाऱ्या स्त्रीस, घटना कोणत्या हद्दीत घडली याचा विचार न करता, कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यावयाची असून फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. तातडीच्या प्रसंगी 112 क्रमांक फिरवावा. जुने संदेश मात्र संतापाच्या भरात पुसून टाकू नयेत.